काजळचा खुबा

काजळ पहिल्यांदा माझ्या टेबलावर आली तेव्हा दहा आठवड्यांची होती. वजन ७ किलो ४०० ग्रॅम, डोळे स्वच्छ, चालण्यात काही खोट नाही. साताऱ्यात शाहूनगरला राहणाऱ्या एका शिक्षकांची ही काळी लॅब्राडॉर. बरोबर सर, त्यांची सातवीतली मुलगी आणि पिशवीत कॅल्शियम सिरपची मोठी बाटली. लस टोचून पाच मिनिटांत मोकळे झाले असते, पण सरांनी लसीचं कार्ड काढायच्या आधी मोबाइल काढला.

व्हिडिओत एक थोराड पिवळा लॅब्राडॉर जिना चढत होता. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून, सशासारखा. चार पायऱ्या चढला आणि बसला. "हा शेरू. चौदा महिन्यांचा आहे, आमच्याच कॉलनीत. हिच्या आधीच्या वेताचा, आईबाप तेच," सर म्हणाले. "डॉक्टर, हिचंही असंच होणार का?"

याला 'हो' म्हणता येत नव्हतं, आणि 'नाही' म्हणून धीर देणं खोटं झालं असतं. सख्ख्या भावाला हिप डिस्प्लेसिया, खुब्याचा सांधा सैल पडून बिघडण्याचा आजार, आहे म्हणजे काजळला तो होण्याची शक्यता इतर लॅब्राडॉरपेक्षा जास्त. किती जास्त, ते त्या दिवशी कोणीच सांगू शकत नव्हतं. हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय कारण बहुतेक पिल्लं लंगडायला लागल्यावर माझ्याकडे येतात. काजळ लंगडायच्या आधी आली. हाताशी काही महिने होते.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. सरांच्या मुलीला तो शाळेत शिकवला होता, त्यामुळे सोपं गेलं. कमरेच्या हाडात वाटी, तिच्यात मांडीच्या हाडाचं गोल डोकं. या आजारात जन्मतः सांधा बहुधा ठीकच असतो. पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत त्याला आवळून धरणारे बंध सैल पडतात आणि डोकं वाटीतून थोडं थोडं बाहेर सरकू लागतं. पिल्लाची वाटी अजून पुरती हाडाची झालेली नसते. डोकं जिथे दाबेल तसा तिला आकार येतो. डोकं खोल बसलं तर वाटी खोल होते, काठावर घासत राहिलं तर तिची उथळ बशी होते. मग कूर्चा झिजते, सांधा स्थिर करायला शरीर कडेनं जादा हाड घालतं आणि कुत्र्याचा संधिवात सुरू होतो. १९३५ साली अमेरिकेत जेरी श्नेले या पशुवैद्यांनी कुत्र्यांमधली ही व्याधी पहिल्यांदा नोंदवली, तेव्हा ती दुर्मीळ समजली गेली होती. आज मोठ्या जातींमध्ये ती रोजची आहे.

सैलपणा आईबापाकडून येतो, पण एका जनुकातून नाही. अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात. म्हणून रक्ताची एक चाचणी करून होकार-नकार मिळत नाही. म्हणूनच चांगल्या खुब्याच्या आईबापांना वाईट खुब्याचं पिल्लू होतं आणि उलटही घडतं. त्या वारशातलं किती प्रत्यक्ष हाडात उतरेल, हे मात्र वाढीच्या काळातलं खाणं, वजन आणि जमीन ठरवतात. काजळचे आईबाप आम्ही बदलू शकत नव्हतो. उरलेलं सगळं आमच्या हातात होतं.

सुरुवात बाटलीपासून केली. पिल्लू विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "मोठ्या हाडाचं जनावर आहे, रोज दोन चमचे पाजा." हा सल्ला आपल्याकडे इतका रुळलाय की कॅल्शियम न देणारा मालक स्वतःला कंजूस समजतो. काजळ मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं तयार खाद्य खात होती, आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फरस मोजून घातलेलं असतं. साधारण सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आतड्यातून येणारं जादा कॅल्शियम मोठ्या कुत्र्यासारखं अडवू शकत नाही. जेवढं वाढाल त्याचा मोठा भाग आत जातो आणि हाड घडण्याची लय बिघडते. नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या कामानं हे स्पष्ट दाखवलं. सरांनी बाटली तिथेच ठेवली. मात्र शेरूच्या घरी गेलो तेव्हा मला उलटही सांगावं लागलं. तो लहानपणी चपाती-दूध आणि कोंबडीच्या मऊ तुकड्यांवर वाढला होता. अशा घरगुती खाण्यात कॅल्शियम खरोखर कमी पडू शकतं, आणि तिथे अंदाजानं सिरप ओतण्यापेक्षा आहारच नीट आखून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट भांड्याची. मला सगळ्या प्रकरणात हीच सर्वांत मोलाची वाटते, म्हणून जरा थांबतो.

अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांवर एक प्रयोग झाला. एकाच वेतातली दोन-दोन भावंडं जोडीनं घेतली. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्या २५ टक्के कमी दुसऱ्याला, खाद्य तेच. दोन वर्षांनी एक्स-रे पाहिले. भरपूर खाणाऱ्या २४ पैकी १६ जणांना हिप डिस्प्लेसिया, कमी खाणाऱ्या २४ पैकी ७ जणांना. निष्कर्ष १९९२ साली छापून आले. पुढे हीच कुत्री आयुष्यभर सांभाळली, तेव्हा कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं आणि दुसऱ्या गटाचं ११.२. कमी खाणाऱ्यांचा संधिवातही उशिरा आला. भावंडांचा वारसा एकाच आईबापाचा, फरक फक्त भांड्यातला. एवढा परिणाम करणारं औषध माझ्या कपाटात नाही.

सरांना पटलं. त्यांनी वजनकाटा आणला. खाणं डब्यानं न मापता ग्रॅममध्ये मोजायचं, दिवसातून तीनदा, आणि भांडं पंधरा मिनिटांत उचलायचं. मुलीनं वही केली. दर रविवारी वजन, आणि शेजारी बरगड्यांची नोंद. बरगड्या तपासायची युक्ती सोपी आहे. हाताची मूठ वळा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या तशा टोकदार लागल्या तर जनावर जास्त बारीक. मूठ उघडून तळव्याच्या गादीवरून बोट फिरवा. तसं लागलं तर जाड. हात पालथा पसरून त्याच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं, तसं आपल्याला हवं. एक म्हणजे अगदी बारीक आणि नऊ म्हणजे फार जाड, अशा मोजपट्टीवर काजळला मी चारवर ठेवायला सांगितलं.

आजींना पटलं नाही. त्या कृष्णाकाठच्या घरातल्या; दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, या शिस्तीत वाढलेल्या. तिसऱ्या आठवड्यात वहीतलं वजन अचानक चढलं, तेव्हा कळलं की दुपारी तूप लावलेली चपाती जात होती. मी घरी गेलो. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, लेकराच्या ताटातलं कधी मोजत नसतात. नजरेनं आटतं ते." मला त्यांचं बोलणं टाकून द्यावंसं वाटलं नाही. त्या मायेपोटीच बोलत होत्या. मी त्यांना शेरूकडे घेऊन गेलो. शेरू ४१ किलोचा झाला होता. आजींना पाहून शेपटी हलवत होता, पण उठता येत नव्हतं. पुढचे पाय टेकून स्वतःला ओढत उभा राहिला आणि मागचे पाय थरथरले. आजी बराच वेळ त्याच्या कमरेवर हात ठेवून बसल्या. त्या दिवसापासून काजळचं दुपारचं खाणं आजींनीच मोजून द्यायचं असं ठरलं, आणि वहीत पुन्हा कधी उडी दिसली नाही. चपातीऐवजी काकडीचे तुकडे सुरू झाले.

घरात नव्या गुळगुळीत फरश्या होत्या. पिल्लाचे मागचे पाय त्यांवर दोन बाजूंना फाकतात आणि सैल सांधा प्रत्येक वेळी ताणला जातो. जुन्या सतरंज्या, तागाची पोती आणि दोन योगा मॅट जोडून खोल्यांमधून पायवाट केली. नखं आणि पंज्यांमधले केस दर पंधरवड्याला कापायचे. जिन्याच्या तोंडाशी फळी लावली. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर, लॅब्राडॉर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांचा पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. तीन महिन्यांच्या आत जिने चढणाऱ्या पिल्लांत धोका वाढलेला दिसला. ज्यांना त्याच वयात मऊ, किंचित चढउताराच्या जमिनीवर मोकळं हुंदडायला मिळालं त्यांचा धोका घटलेला. म्हणजे पिल्लाला कोंडून ठेवायचं नाही. स्नायू घडायला हवेत, कारण सैल सांध्याला बाहेरून तेच धरतात. काजळला रोज दोनदा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या मातीवर सोडायचं ठरलं, स्वतःच्या मर्जीनं पळायला आणि थकली की बसायला. चेंडू उडवून झेलायला लावणं, दुचाकीमागे पळवणं, गाडीतून उडी मारू देणं बंद.

सोळाव्या आठवड्यात, जुलैअखेर, मी तिला भूल देऊन सांधे तपासले. इटालियन बालरोगतज्ज्ञ ऑर्टोलानी यांनी तान्ह्या मुलांसाठी शोधलेली पद्धत कुत्र्यांतही चालते. गुडघ्यावरून दाब देऊन सैल डोकं वाटीच्या काठावर आणायचं, मग मांडी हळूहळू बाहेर फिरवायची. डोकं परत आत पडताना हाताला 'टक' लागतं. उजवीकडे पुसटसं लागलं, डावीकडे स्पष्ट. सरांच्या मुलीचा हात मी माझ्या हातावर ठेवला होता, तिलाही ते जाणवलं. ती काही बोलली नाही.

एक्स-रेही काढला. पाय सरळ मागे ताणून काढलेल्या नेहमीच्या चित्रात फारसं काही दिसलं नाही, आणि इथेच अनेकांची फसगत होते. पाय ताणले की सांध्याचं वेष्टण पिळलं जाऊन आवळतं आणि सैल डोकं आत ढकललं जातं. हा सैलपणा मोजण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ यांनी १९८३पासून एक वेगळी पद्धत उभी केली, पेनहिप. तिच्यात उपकरणानं सांधे बाहेरच्या बाजूला ढकलून एक्स-रे काढतात आणि डोकं किती सरकलं त्याचा निर्देशांक काढतात. ०.३० किंवा कमी असेल तर पुढे संधिवाताची शक्यता फार थोडी, आणि हे सोळा आठवड्यांपासून करता येतं. ती सोय माझ्याकडे नव्हती. माझ्यापाशी होता तो हाताला लागलेला 'टक'.

त्यावरून मी सरांना शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं. ओटीपोटाच्या हाडाचा पुढचा सांधा जिथे वाढतो, तिथली वाढपट्टी विजेच्या उष्णतेनं बंद करतात. तिथली वाढ थांबते, बाकीचं हाड वाढत राहतं आणि दोन्ही वाट्या फिरून डोक्यांवर छत्रीसारख्या झुकतात. छोटी शस्त्रक्रिया, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. पण अट वयाची आहे. बारा ते वीस आठवडे, त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. विसाव्या आठवड्यानंतर तेवढी वाढच उरत नाही. आणखी एक नैतिक अट आहे. अशा कुत्रीचे खुबे नंतर एक्स-रेत चांगले दिसतात पण तिची जनुकं तीच राहतात, म्हणून तिची पिल्लं होऊ द्यायची नाहीत.

पुण्यातल्या शल्यविशारदांशी बोलणं झालं. घरात मात्र निर्णय होईना. "ती तर छान पळतेय," आजी म्हणाल्या. काका म्हणाले, धडधाकट जनावर कापायचं कशाला. सरांनी माझ्याकडे आठवडाभर मागितला, मग दुसरा. त्या वर्षी गणपती ऑगस्टअखेरीस होते. "गणपती झाले की नक्की." गौरी-विसर्जन, अनंत चतुर्दशी झाली तेव्हा काजळ बाविसाव्या आठवड्यात होती. निर्णय कोणी घेतलाच नाही, तारीख निघून गेली. मला ते लागलं आणि आजही लागतं. वीस आठवड्यांचा अर्थ मी कॅलेंडरवर तारीख लिहून, लाल पेनानं गोल करून सांगायला हवा होता. आता मी तसंच सांगतो.

उरलं ते वजन, जमीन आणि स्नायू. सहाव्या महिन्यात ती १८ किलो होती, शेरू त्याच वयात २७चा होता असं त्याच्या मालकांनी सांगितलं. नर-मादी फरक धरूनही अंतर मोठं. पोहणं सुरू करायचं होतं. सरांचे मेव्हणे शेततळ्यावर न्यायला तयार होते, मी कडक शब्दांत नको म्हटलं. शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावर कुत्र्याचे पंजे टिकत नाहीत. आत गेलेलं जनावर बाहेर न येता दमून बुडतं. पावसाळ्यानंतर पाणी निवळल्यावर माहुलीच्या अलीकडे कृष्णेच्या उथळ, मातीच्या काठावर तिला अंगात पट्टा घालून नेऊ लागले. पाच मिनिटांपासून सुरुवात करून वीसपर्यंत.

आठव्या महिन्यात एक आठवडा वाईट गेला. सकाळी उठताना डावा पाय आखडायचा, खेळून आल्यावर जिन्याशी थांबायची. कॉलनीत कोणीतरी माणसांची अंगदुखीची गोळी अर्धी करून द्या म्हटलं. सरांनी आधी मला फोन केला याचं मला फार बरं वाटलं. शेरूला अशाच गोळ्या काही दिवस दिल्या गेल्या होत्या आणि त्याला काळी शी झाली होती, म्हणजे पोटात रक्तस्राव. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्यांच्या जठराला आणि मूत्रपिंडांना झेपत नाहीत. काजळला कुत्र्यांसाठीचं दाहशामक वजनावर मापून दहा दिवस दिलं, हुंदडणं बंद करून पट्ट्यावर चालवलं. ती सावरली.

बाराव्या महिन्यात भुलेखाली पुन्हा एक्स-रे. खुब्याची खोली मोजायला नॉर्बर्ग कोन काढतात, १०५ अंश किंवा जास्त हा साधारण चांगला धरतात. तिचा उजवा १०२, डावा ९६. डाव्या डोक्याचा वरचा काठ वाटीबाहेर, पण कडेला जादा हाड नाही. शेरूच्या चौदाव्या महिन्याच्या चित्रात दोन्ही वाट्या बशीसारख्या होत्या आणि डोक्यांचा आकार बिघडलेला. दोन्ही चित्रं शेजारी लावली तेव्हा सर म्हणाले, "म्हणजे हिलाही आहे." होय, तिलाही आहे. खाणं मोजल्यानं तिची जनुकं बदलली नाहीत. फरक एवढाच की एक कुत्रं मागच्या अंगणात पडून होतं आणि दुसरं सकाळी मुलीबरोबर अर्धा गड चढून येत होतं.

नसबंदी सहा महिन्यांतच करा असं सरांना अनेकांनी सांगितलं होतं. आम्ही पहिला माज होऊन हाडांच्या वाढपट्ट्या मिटेपर्यंत थांबलो आणि पंधराव्या महिन्यात केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या २०१३च्या कामात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या गोल्डन रिट्रीव्हर नरांत हिप डिस्प्लेसियाचं प्रमाण १० टक्के होतं, नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट. काजळ लॅब्राडॉर, मादी. आकडा तसाच्या तसा लागू होत नाही, पण घाई करायचं कारणही नव्हतं. तोवर माजाच्या दिवसांत तिला सांभाळणं घरच्यांनी मनापासून केलं.

याच सुमारास पिल्लू विकणाऱ्याचा फोन आला. तीच जोडी पुन्हा लावायची होती, आणि काजळचंही एखादं वेत घ्या म्हणत होता. सर मला म्हणाले, "तुम्ही बोलाल का?" आम्ही कऱ्हाडजवळ त्याच्या वस्तीवर गेलो. माणूस लबाड नव्हता. कुत्री स्वच्छ ठेवलेली, अंगणात सावली, पिल्लं आठ आठवड्यांच्या आत देत नाही असं अभिमानानं सांगणारा. भिंतीवर बापाच्या प्रदर्शनातल्या रोझेट. केनेल क्लबचे कागद त्यानं समोर ठेवले. मी म्हटलं, हे कागद वंशावळ सांगतात, खुबे सांगत नाहीत. तो म्हणाला, "आई माझी पाच वर्षांची आहे साहेब, एक दिवस लंगडली नाही."

त्याच्या गोठ्यात सहा संकरित गाई होत्या. मी विचारलं, गाय भरवताना वळूचं काय बघतोस? तो हसून म्हणाला, "वळूचं काय बघायचं? त्याच्या लेकी किती दूध देतात ते बघायचं." उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेनं गोठवलेलं वीर्य आपल्या गावागावांत पोचवलं, त्याला अर्धं शतक झालं, हे गणित आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, मग कुत्र्यांचंही तेच. जोडीचं खरं मोल तिच्या पोरांच्या खुब्यांत आहे. अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या सीइंग आय संस्थेनं हेच केलं. प्रत्येक कुत्र्याचे आणि त्याच्या नातलगांचे खुबे एकत्र मोजून प्रजननासाठी निवड केली. १९९७च्या अहवालात पाच पिढ्यांच्या आत जर्मन शेफर्डमध्ये डिस्प्लेसिया ५५ टक्क्यांवरून २४वर आणि लॅब्राडॉरमध्ये ३०वरून १०वर आलेला आहे.

मग शेरूचं आणि काजळचं चित्र त्याच्या ओट्यावर उन्हात धरलं. तो बराच वेळ पाहत राहिला. "बाकीची बारा पोरं कुठं कुठं गेलीत, नंबर आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी त्यानं फोन लावायला घेतले. पाच जणांनी एक्स-रे काढले. दोन कुत्र्यांचे खुबे चांगले, एक मधला, दोन वाईट.

पुढच्या महिन्यात तो आईला घेऊन आला. देखणी, शांत कुत्री, टेबलावर आपणहून झोपली. तिच्या डाव्या वाटीच्या कडेला जुनं, पांढरं, जाड हाड चढलेलं होतं. उजव्या वाटीतून डोकं निम्मं बाहेर. पाच वर्षं ती ते अंगावर घेऊन चालत होती आणि तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं. त्यानं चित्राकडे पाहिलं, मग भुलेतल्या कुत्रीच्या कानामागे खाजवत म्हणाला, "हिची नसबंदी कधी करता येईल?"

काजळ आता दोन वर्षांची आहे. वजन २६ किलो. चोविसाव्या महिन्याच्या एक्स-रेत डाव्या खुब्याला जादा हाडाची पहिली बारीक रेघ उमटली आहे. रविवारची वही चालू आहे, आजी दुपारचं मोजून देतात, आणि शेरू ३३ किलोवर आला आहे. आता तो एका दमात जिना चढतो, अजून सशासारखाच.